मालिका कुणाची?

अंधेरी पश्चिमेला न्यू लिंक रोडवर लक्ष्मी इंडस्ट्रियल इस्टेट आहे. तिच्यासमोर दालिया इंडस्ट्रियल इस्टेट, आणि तिच्यात बालाजी हाऊस: एकता कपूर यांच्या बालाजी टेलिफिल्म्सचं मुख्यालय. लक्ष्मी इंडस्ट्रियलच्याच शेजारी ओबेरॉय कॉम्प्लेक्समध्ये अधिकारी चेंबर्स. हा गौतम आणि मार्कंड अधिकारी या भावांनी उभारलेल्या ‘श्री अधिकारी ब्रदर्स’ कंपनीचा पत्ता. मालिकांच्या निर्मात्यांनी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत जे जे करून पाहिलं, जे कमावलं आणि जे हातातून सुटू दिलं, त्यातलं बरंचसं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या या दोन पत्त्यांवरून समजून घेता येतं.

हा सगळा पट्टा मुळात छोट्या कारखान्यांचा. लिंक रोडच्या आणि वीरा देसाई रोडच्या आतल्या बाजूला गाळ्यांच्या वसाहती होत्या. उपग्रह वाहिन्या आल्या तशा त्यातल्या कित्येक गाळ्यांत एडिटिंगच्या खोल्या, डबिंग स्टुडिओ आणि निर्मात्यांची ऑफिसं थाटली गेली. जवळच वर्सोव्याचं आराम नगर ऑडिशनसाठी येणाऱ्या पोरापोरींनी भरू लागलं. वाहिन्यांची मुख्य कार्यालयं मात्र त्या काळात उपनगरात नव्हती. झी वरळीला, स्टार महालक्ष्मीला. पैसा मंजूर व्हायचा माहीमच्या खाडीच्या दक्षिणेला, आणि शूटिंग व्हायचं उत्तरेला, म्हणजे गोरेगावच्या चित्रनगरीत, चांदिवलीच्या स्टुडिओत, मढच्या बंगल्यांत. टीव्हीच्या निर्मात्याचं अख्खं करिअर या दोन टोकांमध्ये ये-जा करण्यात जातं. त्या ये-जा करण्यात एक प्रश्न सतत सोबत असतो, जो प्रेक्षकाला सहसा दिसत नाही: मालिका कुणाची? बनवणाऱ्याची की दाखवणाऱ्याची?

दूरदर्शनच्या काळात या प्रश्नाचं उत्तर वेगळं होतं. १९८४ मध्ये ‘हम लोग’ सुरू झाली, तिला मॅगी नूडल्सचा आधार होता. पुढे प्रायोजित कार्यक्रमांची पद्धत रुळली. निर्माता स्वतःच्या किंवा प्रायोजकाच्या पैशातून मालिका बनवायचा, प्रक्षेपणाचं शुल्क दूरदर्शनला भरायचा आणि बदल्यात मिळालेली जाहिरातींची मिनिटं विकून खर्च वसूल करायचा. धोका त्याचा, आणि बहुतेक वेळा मालकीही त्याचीच. रामानंद सागर यांच्या कुटुंबाकडे ‘रामायण’ राहिलं ते यामुळेच.

२ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही आली आणि खासगी वाहिन्यांसोबत दुसरी पद्धत रूढ होत गेली. वाहिनी निर्मात्याला दर भागामागे ठरलेली रक्कम देते. जाहिराती विकणं हा वाहिनीचा व्यवहार. मालिका आपटली तरी झालेल्या भागांचे पैसे निर्मात्याला मिळतात, आणि धो धो चालली तरी त्याच्या वाट्याला येतं ते ठरलेलंच. कथा, पात्रं, शीर्षक, पुनःप्रक्षेपण, दुसऱ्या भाषेतली आवृत्ती, हे सगळे हक्क करारानुसार बहुतेक वाहिनीकडे जातात. नव्या निर्मात्याला ही पद्धत सोयीची होती, कारण घर गहाण टाकावं लागत नव्हतं. तिची किंमत पुढे कळायची होती.

अधिकारी बंधू या दोन्ही पद्धतींत वावरले. गौतम अधिकारी दिग्दर्शक, मार्कंड धंद्याची बाजू पाहणारे. मुंबई दूरदर्शनवरची ‘बंदिनी’ त्यांचीच. ‘हॅलो इन्स्पेक्टर’ आणि ‘कमांडर’मधून त्यांनी रमेश भाटकर यांना घराघरांत नेलं. सह्याद्रीवरची ‘दामिनी’ ही मराठीतली पहिली दैनंदिन मालिका म्हणून ओळखली जाते, तीही अधिकारी परिवाराची. तिची नायिका पत्रकार होती, प्रतीक्षा लोणकर यांनी साकारलेली. दुपारच्या वेळी लागणाऱ्या मालिकेत एक बाई घराबाहेर पडून अन्यायाच्या बातम्या काढते आहे, हे चित्र मराठीत रोज दिसत होतं. पुढे काय आलं याचा विचार करताना हे लक्षात ठेवायला हवं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात त्यांची कंपनी शेअर बाजारात उतरली आणि शतक संपता संपता त्यांनी मोठी उडी घेतली. दुसऱ्याच्या वाहिनीसाठी मालिका बनवण्याऐवजी त्यांनी स्वतःचीच वाहिनी काढली. सब टीव्ही. हे नाव म्हणजे श्री अधिकारी ब्रदर्सची इंग्रजी आद्याक्षरं. ‘ऑफिस ऑफिस’सारख्या मालिकेने वाहिनीला ओळख मिळवून दिली. पण वाहिनी चालवणं हा मालिका बनवण्यापेक्षा फार वेगळा खेळ. केबलवाल्याच्या यादीत वरची जागा मिळवायला पैसा, जाहिरात विकणारी माणसं देशभर ठेवायला पैसा, आणि समोर झी, स्टार, सोनीसारखे गडी. २००५ मध्ये सब सोनीला विकली गेली. ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ ही वाहिनीची सर्वांत मोठी मालिका तिच्यावर आली २८ जुलै २००८ रोजी. तोवर मालक बदलून तीन वर्षं झाली होती.

समोरच्या इमारतीतली गोष्ट दुसऱ्या वळणाने गेली.

एकता कपूर यांचा जन्म ७ जून १९७५ चा. वडील जितेंद्र, म्हणजे रवी कपूर. गिरगावच्या चाळीत वाढलेले, आणि व्ही. शांताराम यांच्या ‘गीत गाया पत्थरों ने’मधून नायक झालेले. एकता शिकल्या माहीमच्या बॉम्बे स्कॉटिशमध्ये आणि पार्ल्याच्या मिठीबाईत. शाळकरी वयात त्यांनी जाहिरातपट दिग्दर्शक कैलाश सुरेंद्रनाथ यांच्याकडे उमेदवारी केली. १९९४ मध्ये कपूर कुटुंबाने बालाजी टेलिफिल्म्स काढली. पैसे वडिलांचे, हिशेब आणि व्यवस्थापन आई शोभा कपूर यांचं, आणि गोष्टींचे निर्णय एकोणीस वर्षांच्या मुलीचे. सुरुवातीला बनवलेले पायलट, म्हणजे वाहिनीला दाखवायचे नमुन्याचे भाग, नाकारले गेले आणि त्यात बरेच पैसे बुडाले. वडिलांचं नाव दार उघडायला पुरेसं होतं, मालिका मंजूर करून घ्यायला ते उपयोगी पडलं नाही.

मंजूर झाली ती ‘हम पांच’. १९९५ मध्ये झी टीव्हीवर आलेली ही विनोदी मालिका मराठी प्रेक्षकाला वेगळ्या कारणाने आठवते. पाच मुलींचे त्रस्त वडील होते अशोक सराफ, आणि भिंतीवरच्या फोटोतून नवऱ्याशी बोलणारी दिवंगत पहिली बायको होती प्रिया तेंडुलकर, एकेकाळची ‘रजनी’. पाच मुलींमध्ये एक बायकांच्या हक्कांसाठी भांडणारी मीनाक्षी, एक गल्लीतला ‘भाई’ म्हणून मिरवणारी काजल. काही काळ त्यात एक नवी मुलगी राधिकाचं काम करत होती, विद्या बालन. मुलगी झाली म्हणून तोंड पाडणाऱ्या समाजात पाच मुलींच्या घराचा धिंगाणा साजरा करणारी ही मालिका आजही ताजी वाटते. बालाजीच्या पुढच्या अनेक मोठ्या यशांपेक्षा ती मनाने अधिक मोकळी होती, असं माझं ठाम मत आहे.

मग आलं २००० साल. स्टार प्लसने झीसोबतचं बंधन संपल्यावर पूर्णपणे हिंदीत उतरायचं ठरवलं. कार्यक्रमांची सूत्रं समीर नायर यांच्याकडे होती. ३ जुलै २००० रोजी रात्री नऊ वाजता अमिताभ बच्चन ‘कौन बनेगा करोडपती’ घेऊन आले, आणि त्याच रात्री साडेदहाला ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाली. साडेदहाची वेळ तोवर कौटुंबिक मालिकेसाठी उशिराचीच मानली जायची. पण करोडपतीने घरं टीव्हीसमोर बसवून ठेवली होती, आणि जेवणाची भांडी आवरून बाईला स्वतःसाठी मिळणारा पहिला अर्धा तास नेमका हाच होता. ऑक्टोबरमध्ये दहाच्या ठोक्याला ‘कहानी घर घर की’ जोडली गेली. तिच्यातला ओम अग्रवाल हा मारवाडी कर्ता पुरुष साकारत होते किरण करमरकर. एक तास असा बांधला गेला आणि पुढची सात-आठ वर्षं तो हलला नाही.

‘क्योंकि’मधलं विरानी कुटुंब गुजराती होतं, त्याला मुंबईचं कारण आहे. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, पार्ले ही उपनगरं मराठी आणि गुजराती घरांनी शेजारीशेजारी वसवलेली. घाटकोपरचं झवेरबेन, मुलुंडचं कालिदास, पार्ल्याचं भाईदास इथे गुजराती नाटकांचे प्रयोग वर्षानुवर्षं चालत आले आहेत. सवितासासूचं काम करणाऱ्या अपरा मेहता, ‘दक्षा चाची’ केतकी दवे या त्याच रंगभूमीवरून आल्या. रोज नवे संवाद हातात पडणार, तालमीला वेळ नाही, तरी पहिल्या-दुसऱ्या टेकला काम उरकायचं, हे नाटकवाल्यालाच जमतं. पडद्यामागेही असेच तरुण होते. पुढे ‘शिप ऑफ थिसियस’सारखा वेगळा सिनेमा करणारे आनंद गांधी विशीच्या आसपास ‘क्योंकि’चे संवाद लिहीत होते.

हे सगळं रोज कसं उभं राहतं, हे समजल्याशिवाय एकता कपूर यांचं काम नेमकं काय होतं ते कळत नाही. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून जाहिराती वजा केल्या की वीस-बावीस मिनिटांची गोष्ट उरते. आठवड्याचे पाच भाग म्हणजे शंभर मिनिटांच्या वर. एका छोट्या सिनेमाइतका ऐवज दर आठवड्याला तयार व्हावा लागतो, आणि तो अनेक वर्षं न थांबता. ‘क्योंकि’चे १,८३३ भाग झाले. मिनिटांत मोजलं तर सहाशे तासांहून जास्त, अडीच तासांचा एक असे दोनशे चाळीसेक सिनेमे.

त्यासाठी कामाची वाटणी कारखान्यासारखी काटेकोर करावी लागते. पुढच्या काही महिन्यांचा कथेचा आराखडा आधी ठरतो. त्यातून पुढच्या दोन-चार आठवड्यांचा ट्रॅक निघतो. एक लेखक प्रत्येक भागाची वनलाइन आणि पटकथा लिहितो, दुसरा त्यावर संवाद चढवतो. निर्मात्याकडचा क्रिएटिव्ह डायरेक्टर आणि वाहिनीकडचा ईपी, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर, दोघांच्या मंजुरीनंतर कागद सेटवर जातो. तिथे बारा तासांची शिफ्ट. वेळ कमी पडला की दोन युनिट लावतात, एक दिवाणखान्यात आणि दुसरं स्वयंपाकघरात. एकच कलाकार दोन्हीकडे लागणार असेल तर त्याचे क्लोज-अप आधी उरकून घेतात. प्रत्येक भागाच्या शेवटी हुक लागतो, म्हणजे उद्या बघायला भाग पाडेल असा क्षण.

या धंद्यातला सगळ्यांत महत्त्वाचा शब्द आहे ‘बँक’. शूट होऊन, एडिट होऊन तयार असलेले पण अजून न दाखवलेले भाग म्हणजे बँक. दहा-बारा भागांची बँक असली की निर्माता शांत झोपतो. नायिकेला ताप आला, पावसाने चित्रनगरीचा रस्ता तुंबला, वाहिनीने ऐनवेळी ट्रॅक बदलायला लावला की बँक आटत जाते. ती संपली की सकाळी शूट, संध्याकाळी एडिट आणि रात्री प्रक्षेपण अशी पळापळ सुरू होते. अशा चार-चार, पाच-पाच मालिकांची बँक एकाच वेळी सांभाळणं, आणि त्याच वेळी प्रत्येकीची पुढची गोष्ट डोक्यात वेगळी ठेवणं, हे एकता कपूर यांचं खरं कौशल्य. ‘क’च्या आद्याक्षरावरची त्यांची श्रद्धा, अंकशास्त्राप्रमाणे बदललेली इंग्रजी स्पेलिंग यांवर भरपूर लिहिलं गेलं. वेळापत्रकावरच्या हुकमतीबद्दल त्यामानाने फार कमी, आणि अभ्यास करायचा तर तिचाच करायला हवा.

या यंत्राचा लगाम होता टीआरपी. निवडक घरांत मीटर बसवून कोण काय बघतं याची नोंद तेव्हा टॅम ही कंपनी ठेवायची. २०१५ पासून ते काम बार्क करते. आकडे दर आठवड्याला येतात आणि गोष्ट त्यांना उत्तर देते. ‘क्योंकि’चा नायक मिहिर विरानी याचा अपघाती मृत्यू दाखवल्यावर प्रेक्षकांनी इतका आकांत केला की त्याला परत आणावं लागलं. गोष्ट साचली की वीस वर्षांचा लीप घेऊन नवी पिढी उभी करायची, ही युक्ती ‘क्योंकि’ने इतकी रूढ केली की आज मराठी प्रेक्षकही ‘आता लीप येणार’ हे सहज ओळखतो. एकदा तर नायिका तुळशीने स्वतःच्या गुन्हेगार मुलावर गोळी झाडली. गोष्ट देशाबाहेरही गेली. अफगाणिस्तानात तोलो टीव्हीवर दारी भाषेत ती इतकी पाहिली जाऊ लागली की २००८ मध्ये तिथल्या सरकारने भारतीय मालिका बंद करण्याचे आदेश काढले.

मराठीवर परिणाम झाला तो उघड आहे. ई टीव्ही मराठीवर २००१ मध्ये सुरू झालेली ‘चार दिवस सासूचे’ २०१३ पर्यंत चालली आणि तीन हजारांवर भागांची झाली. रोहिणी हट्टंगडी यांच्यासारखी समर्थ अभिनेत्री त्यात सासू होती. मराठी कलाकार-तंत्रज्ञांना महिन्याची नियमित मिळकत पहिल्यांदाच मिळू लागली, हे मोलाचं. पण ‘दामिनी’ची नायिका घराबाहेर काय चाललंय ते शोधत होती आणि तिच्यानंतर आलेल्या बहुतेक नायिका घरातल्या घरात कोण विष कालवतंय ते शोधत राहिल्या. हा बदल केवळ प्रेक्षकांच्या आवडीने झाला असं म्हणणं सोपं आहे, पण पुरेसं नाही. घरातले चार सेट, तेच पंधरा कलाकार आणि रात्रीचं दृश्य दुपारी घेता येणं, हे उत्पादनाला स्वस्त पडतं. रस्त्यावर, कोर्टात, वर्तमानपत्राच्या कचेरीत फिरणारी नायिका रोज परवडत नाही. बँक भरायच्या गरजेने बाईला घरात ठेवलं, हे या धंद्याचं मोठं नुकसान आहे.

बालाजी २००० सालीच शेअर बाजारात आली होती. २००४ मध्ये स्टारने तिचा हिस्सा विकत घ्यायला सुरुवात केली आणि तो सुमारे २६ टक्क्यांपर्यंत नेला. सर्वांत मोठा ग्राहकच भागधारक झाला. हे नातं गोड होतं तोवर दोघांचंही भलं झालं. २००८ मध्ये वारं फिरलं. २१ जुलैला कलर्स वाहिनी सुरू झाली आणि राजस्थानातल्या बालविवाहावरच्या ‘बालिका वधू’ने झगमगीत बंगल्यांना कंटाळलेला प्रेक्षक खेचला. ‘कसौटी जिंदगी की’ फेब्रुवारीतच संपली होती. ‘कहानी’ ऑक्टोबरमध्ये संपली. ‘क्योंकि’ बंद करायचं स्टारने घसरत्या टीआरपीचं कारण देऊन ठरवलं. बालाजीला ते मान्य नव्हतं आणि वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. मालिका मात्र ६ नोव्हेंबर २००८ ला थांबली. आठ वर्षं रोज जिने अंधेरीतून ही गोष्ट घडवली, तिच्या हातात ती पुढे चालवायचं बटण नव्हतं.

टेबलाच्या दुसऱ्या बाजूच्या माणसांचीही गोष्ट इथे सांगायला हवी, कारण ती बाजू बदलत असतात. समीर नायर स्टारमध्ये सर्वोच्च पदापर्यंत गेले, मग एनडीटीव्ही इमॅजिन वाहिनी उभी केली, जी २०१२ मध्ये बंद पडली, आणि २०१४ मध्ये ते चक्क बालाजीचे समूहप्रमुख झाले. एकेकाळी ज्यांच्याकडून मालिका मंजूर करून घ्यायच्या, तेच आता या बाजूच्या खुर्चीत. मराठीत नितीन वैद्य यांचा प्रवास असाच. पत्रकारितेतून आलेले वैद्य झी मराठीचे प्रमुख होते, झीच्या हिंदी वाहिनीची आणि पुढे स्टारमधली मोठी जबाबदारी त्यांनी सांभाळली, आणि नंतर ‘दशमी क्रिएशन्स’ काढून स्वतः निर्माते झाले. वाहिनीतला माणूस एकाच वेळी वीस मालिका पाहतो, जाहिरातदाराचं ऐकतो, प्रतिस्पर्ध्याचा स्लॉट बघतो. निर्मात्याला आपलीच मालिका दिसते. दोन्ही नजरा एकाच माणसाला मिळाल्या की तो हुशार वाटाघाटी करतो, एवढं या प्रवासांतून दिसतं.

२००८ चा फटका बसल्यावर एकता कपूर यांनी केलेलं सर्वांत चांगलं काम मराठी घरात घडतं, हे मला विशेष वाटतं. १ जून २००९ रोजी झी टीव्हीवर ‘पवित्र रिश्ता’ आली. मूळ गोष्ट सन टीव्हीवरच्या ‘तिरुमती सेल्वम’ या तमिळ मालिकेची. हिंदीत ती मुंबईच्या चाळीत आणली गेली. गॅरेजमध्ये मेकॅनिक असलेला मानव देशमुख, लग्न जमत नसलेली अर्चना करंजकर. सुशांतसिंह राजपूत आणि अंकिता लोखंडे यांच्याइतकंच वजन त्या मालिकेला उषा नाडकर्णी आणि सविता प्रभुणे या दोन आयांनी दिलं. हिंदी मालिकेत पैशांची चणचण, भाड्याची खोली, मुलीच्या लग्नाचा खर्च या गोष्टी पुन्हा दिसू लागल्या. मराठी माणूस हिंदी पडद्यावर घाटी म्हणून विनोदापुरता येतो, या सवयीला पाच वर्षं रोज रात्री छेद देणारी ही मालिका होती. तिची जेवढी दखल मराठीत घ्यायला हवी होती तेवढी घेतली गेली नाही.

त्यानंतर ‘बडे अच्छे लगते हैं’, ‘कुमकुम भाग्य’, ‘नागिन’ अशा मालिका वेगवेगळ्या वाहिन्यांवर पसरल्या. एकाच वाहिनीच्या भरवशावर राहायचं नाही, हा धडा गिरवला गेला. सिनेमात ‘द डर्टी पिक्चर’ आला आणि ‘हम पांच’मधली ती नवी मुलगी, विद्या बालन, त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार घेऊन गेली. २०२० मध्ये एकता कपूर यांना पद्मश्री जाहीर झाली, २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये इंटरनॅशनल एमीचा डायरेक्टरेट पुरस्कार मिळाला.

मालकीचा प्रश्न मात्र त्यांनी सोडला नव्हता. एप्रिल २०१७ मध्ये ऑल्टबालाजी हे स्वतःचं स्ट्रीमिंग व्यासपीठ सुरू झालं. गोष्ट आपली, हक्क आपले, वर्गणीचा पैसा आपला. त्याच वर्षी रिलायन्स इंडस्ट्रीजने ४१३ कोटी रुपयांना बालाजीचा जवळपास २५ टक्के हिस्सा घेतला. स्ट्रीमिंगचा डाव पैशांच्या दृष्टीने जड गेला. त्याच्या ओघात भडक मालिकांचा मोठा साठा तयार झाला आणि त्यावरून सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये कानउघाडणी केली. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने बंद केलेल्या पंचवीसेक अ‍ॅपमध्ये हे अ‍ॅपही होतं. आपला आणि शोभा कपूर यांचा त्या अ‍ॅपशी २०२१ पासून संबंध राहिलेला नाही, असा खुलासा एकता कपूर यांनी केला. ‘हम पांच’ बनवणाऱ्या घराने स्वतःच्या मालकीच्या जागेत याहून चांगलं काही उभारावं, अशी अपेक्षा ठेवणं गैर नव्हतं.

सेटवरच्या माणसांपर्यंत या मालकीच्या खेळाचा परिणाम कसा पोचतो, हे मार्च २०२० मध्ये दिसलं. कोरोनामुळे १९ मार्चपासून शूटिंग थांबलं, काही दिवसांत सगळ्यांची बँक संपली, आणि वाहिन्यांवर जुने भाग लागले. वाहिनीकडे हक्क असल्याने ती जुनं दाखवून तग धरू शकत होती. निर्मात्याला नवा भाग दिल्याशिवाय पैसे नाहीत. आणि कलाकाराला तर एरवीही कामानंतर ९० दिवसांनी मानधन मिळण्याची पद्धत, त्यामुळे डिसेंबरच्या कामाचे पैसे येताहेत तेवढ्यात काम बंद. स्पॉटबॉय, लाइटमन, हेअरड्रेसर, शिफ्टवर जगणारे हे सगळे नालासोपारा, विरार, मालवणी, नायगावच्या खोल्यांत अडकले. एकता कपूर यांनी त्या वर्षीचं आपलं अडीच कोटींचं वेतन सोडून दिल्याचं जाहीर केलं, ते चांगलं केलं. पण दर दिवसाच्या मजुरीवर उभ्या असलेल्या उद्योगात वाहिनी, निर्माता आणि कामगार यांच्यातला ९० दिवसांचा हा उलटा क्रम बदलायला हवा. जो सर्वांत गरीब, त्यानेच सर्वांत जास्त दिवस उधारीवर का थांबायचं?

२९ जुलै २०२५ रोजी रात्री साडेदहाला ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ नव्याने सुरू झाली. तुळशी पुन्हा स्मृती इराणी, ज्या मधल्या काळात केंद्रात मंत्री होऊन आल्या. वाहिनी स्टार प्लसच, सोबत जिओहॉटस्टार. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टारची मालक असलेल्या डिस्नेचा भारतातला धंदा रिलायन्सच्या माध्यम कंपनीशी एकत्र झाला, त्यामुळे स्टार प्लसची सूत्रं आता रिलायन्सप्रणीत जिओस्टारकडे आहेत. बालाजीत २०१७ मध्ये हिस्सा घेतला तोही रिलायन्सनेच. दालिया इंडस्ट्रियलमधून गोष्टीचा कागद निघतो, वाहिनीत मंजूर होतो आणि सेटवर जातो. त्या कागदामागच्या कंपनीत पैसे लावणारा आणि ती गोष्ट दाखवणारा या वेळी एकाच उद्योगसमूहातले आहेत.